कोरडी नवमी

ताई, तू गेल्यापासून भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण बसता बसता एकच विचारतो, "केमिकलमुळे झालं का?"

नाही. मी डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. रक्तदाब तुला होताच आणि गोळ्या तू विसरायचीस. कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कोणी तक्रार म्हणून वाचणार नाही.

जन्मसाल, शिक्षण, मागे कोण कोण आहे, हे सगळं इथे लिहीत नाही. ते सोसायटीच्या फळ्यावर लिहून झालं. 'सेफ्टी ऑफिसर'चं मराठी कोणीतरी 'सुरक्षा रक्षक' असं केलं होतं. मी खाली जाऊन खडूने दुरुस्त केलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "राहू दे रे, रात्री फोन आला की तेच करते."

मी लिहितोय ते तुमच्या कारखान्यातल्या खंडेनवमीबद्दल. त्या विषयावर आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि या वर्षीची नवमी तू गेल्यावर काही आठवड्यांतच आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी पदार्थ सांगतो. नाव सांगितल्याशिवाय पुढे गेलेलं तुला चालायचं नाही. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका वायुगळतीची बातमी मी आमच्या पेपरात दिली होती, तिच्यात 'विषारी वायू' असा शब्द होता. दुसऱ्या दिवशी जेवताना तू पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवलास. "कुठला वायू? नाव लिही. नाव कळलं तर माणूस काय करायचं ते विचारेल. 'विषारी' म्हटलं की नुसता पळत सुटेल, आणि पळेलही वाऱ्याच्याच दिशेने."

तर नाव. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराईड. ॲल्युमिनियमचा एक क्षार; निर्जल म्हणजे पाण्याचा अंशही नसलेला. पिवळट-राखाडी भुकटी किंवा खडे, बंद पिंपांत येतात. रंग, औषधं, अत्तरांसाठी लागणारी रसायनं बनवताना दोन रेणू एकमेकांना जोडायचे असतात, तिथे तो मध्यस्थाचं काम करतो. तो स्वतः पेटत नाही. पण पाणी लागलं की तापतो, उसळतो आणि हायड्रोजन क्लोराईड सोडतो. तो वायू हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरा धूर होतो आणि डोळे, नाक, घसा जाळतो. खाडीकाठच्या दमट हवेत तर झाकण उघडं राहिलं तरी पुरतं.

बाबा दाढी झाल्यावर गालावर तुरटी फिरवायचे. आई माठात तीच तुरटी दोन वेळा फिरवून काढायची. तू एकदा म्हणालीस, "ही तुरटी आणि आमची पावडर एकाच घरातली भावंडं. एकाला पाण्यात टाकून आपण ते पाणी पितो. दुसऱ्याजवळ ओला हात नेता येत नाही." आई म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघांसारखंच." त्यातला पाण्याजवळ न नेण्याजोगा कोण, ते तिने सांगितलं नाही.

तू त्या कारखान्यात लागलीस त्या पहिल्याच वर्षीची ही गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा मध्यम आकाराचा कारखाना, नाव लिहीत नाही. खंडेनवमीला सगळ्या पट्ट्यात यंत्रांची पूजा होते. आदल्या दिवशी फरशी धुतात, यंत्रं पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतात. तुमच्या कोरड्या गोदामाची पूजा बाळाराम करायचा. करावे गावचा. वडील खाडीत मासे धरायचे, जमीन शहरात गेली, हा कारखान्यात लागला आणि गोदामाचा प्रमुख झाला. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. पूजेच्या दिवशी गोदाम त्याचं आणि बाकीचे पाहुणे.

कोरड्या गोदामात पाणी न्यायचं नाही, हे त्यालाही माहीत होतं. भिंतीवर लिहिलेलं होतं. पण नारळाचं पाणी हे 'पाणी' नव्हे, ते तीर्थ, असं तिथे सगळे मानून चालले होते. मुद्दाम नियम मोडावा असं कोणाच्याच मनात नव्हतं. नियम पाण्याबद्दल आहे आणि हे पाणी नाही, इतकंच.

एका पिंपाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. बाळारामने नारळ फोडला, आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडलं, थोडं त्या फटीतून आत गेलं. धूर निघाला. समोर उदबत्त्या आणि धुपाटणं होतंच. सगळ्यांना वाटलं, धूप जास्त झाला. कोणीतरी हात जोडले. बाळाराम पुढे वाकून आणखी शिंपडू लागला.

तू दारात उभी होतीस. तू मला सांगितलंस, धूर दोन्हींचा पांढराच दिसतो, पण धुपाने कोणाच्या घशात सुरी लागत नाही. तू ओरडलीस, माणसं वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर काढलीस. तेवढ्यात बाळाराम आग विझवायचा पाइप ओढत परत येत होता.

"पाणी नको!"

"मॅडम, जलतंय आत!"

"जळत नाहीये. पाण्यानेच झालंय ते. पाइप खाली टाक, टाक म्हणते ना!"

त्याने टाकला. का टाकला, हे त्याला अजून सांगता येत नाही. म्हणतो, "बाईमानसाचा असा आवाज मी आयसचा सोडून कोनाचा ऐकला नव्हता." मग तोंडावर मास्क, हातात मोजे घालून तुम्ही दोघांनी झाकण बसवलंत, सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकलीत. त्याच्या मनगटावर भुकटी उडाली होती. तो नळाकडे धावला, तर तू हात धरून आधी कोरड्या फडक्याने ती झटकलीस आणि मगच नळाखाली धरलास, बराच वेळ. आधी झटका, मग भरपूर पाणी. डोळ्यांत गेलं तर मात्र लगेच पाणी, न थांबता, आणि तसंच दवाखान्यात. हे वाक्य पुढे तू इतक्या वेळा म्हणालीस की आईसुद्धा पोळ्यांचं पीठ हाताला लागलं की म्हणायची, "आधी झटका, मग पाणी."

कोणी दगावलं नाही. बाळारामचे डोळे काही दिवस लाल होते, मनगटावर डाग राहिला.

व्यवस्थापनाने ठरवलं, गोदामातली पूजा बंद. सूचना लागायच्या आधीच बातमी सगळीकडे पसरली होती, आणि तिच्यात तुझं नाव होतं. चहाच्या टपरीवर बाळारामच म्हणाला, तुला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "मॅडमची पूजा नाय, म्हनून आमची पन नको."

त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. तुलाही. आपले आजोबा लातूरकडच्या गावातून कोणत्या वस्तीतून उठून आले आणि आपण दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात का जातो, हे त्या टपरीवर कोणाला सांगायची गरज नव्हती.

तू त्या संध्याकाळी खांदेश्वरच्या घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा मी म्हणालो, ही बातमी आहे. तू म्हणालीस, "ही बातमी नाही. ही माझी नोकरी आहे."

"तो उघड जातीवर बोलला, ताई."

"बोलला. आणि त्याचे डोळे अजून लाल आहेत. तुझ्या बातमीत कुठलं आधी येईल?"

मी बातमी केली नाही. आज लिहितो आहे. तुला विचारता येत नाही, हे मला ठाऊक आहे. बाळारामला विचारलं. तो म्हणाला, "लिवा. बोललो होतो मी. नाव पन टाका." आडनाव टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी तू व्यवस्थापकांकडे गेलीस आणि बंदी मागे घ्यायला लावलीस. मग बाळारामला म्हणालीस, "पूजा होऊ दे. कशी करायची ते आपण दोघं ठरवू."

"तुमी ठरवनार? पूजा?"

"पाणी कुठे थांबवायचं ते मी ठरवणार. बाकी तुमचं."

त्यातून कोरडी नवमी निघाली. नाव कामगारांनी चिडवण्यासाठी ठेवलं. मग तेच रुळलं. गोदामाच्या दारापासून काही पावलांवर पिवळी रेघ मारली. नारळ रेघेच्या बाहेर फुटतो. फरशी ओल्या कपड्याने पुसायची नाही, नुसती झाडायची. हळदकुंकू आणि रांगोळी कोरडीच असते, ती आत चालते. उदबत्ती आणि धूप बाहेर, म्हणजे आत पांढरं काही दिसलं तर तो पिंपाचाच धूर समजायचा आणि निघायचं, हात जोडायचे नाहीत. पिंपं आदल्या दिवशी तपासायची, झाकणं घट्ट आहेत की नाहीत ते बघायचं. आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने रेघेवर थांबून तळहात दाखवायचे. ओला दिसला तर बाहेर. तो व्यवस्थापक असला तरी. एका वर्षी खरंच होता, नुकतेच हात धुऊन आलेला. तू त्याला बाहेर ठेवलंस तेव्हा लोक हसले, आणि बाळाराम सगळ्यांत मोठ्याने हसला. माझ्या मते त्या दिवशी ती पूजा तुझी झाली.

अडचण राहिली फुलांची. बाजारातून येणाऱ्या झेंडूच्या माळांवर फुलवाले सारखं पाणी मारत असतात. त्या दाराच्या चौकटीला ठीक होत्या, आत नाही. बाळाराम म्हणाला, "माल नाय तं पूजा कशी? टकला नवरा दिसनार." तू आईला सांगितलंस. आई शिवणकाम करायची, हात चालता होता. तिने क्रेपच्या केशरी-पिवळ्या कागदाचे झेंडू केले, जाड दोऱ्यात ओवले. लांबून बघितलं तर फरक कळत नव्हता. जवळ गेल्यावर वास नाही, एवढंच.

आपलं भांडण इथून सुरू झालं.

मी म्हणालो, आईने का करायची त्यांच्या पूजेची माळ? ज्याने टपरीवर तसं बोलावं त्याच्या हातात आपल्या आईने केलेली माळ द्यायची? ज्या पूजेवरून तुला ऐकवलं, तीच पूजा तू सजवून द्यायचीस? बंदी घातली होती ती योग्य होती. धोकादायक असेल तर बंद. नियम म्हणजे नियम.

तू म्हणालीस, "बंदी घातली तर मी नसेन त्या दिवशी मोडतील. दार लावून, लपून, घाईत. रीत लावली तर मी नसले तरी पाळतील."

"म्हणजे तू त्यांना शरण गेलीस."

"मी पिंपाचं झाकण घट्ट केलं. तू त्याला काय म्हणायचं ते म्हण."

आई कात्रीने पाकळ्या कापत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, माझी पोरगी उभी असते तिथं त्या पिंपांपाशी."

ते वाक्य मी त्या वेळी मुद्दा बदलणं समजलो होतो. आपण दर वर्षी नवमीच्या आसपास हेच पुन्हा बोललो. कधी चेष्टेत, कधी ताट ढकलून. मी म्हणायचो, सन्मान हा तडजोडीत मिळत नाही. तू म्हणायचीस, मला सन्मान नकोय, मला सगळे आपापले डोळे शाबूत घेऊन घरी गेलेले हवेत. मी म्हणायचो, दोन्ही मागता येतं. गेल्या वर्षी तू म्हणालीस, "येतं. पण एका दमात नाही मागता येत." मला यावर उत्तर होतं. तुला फोन आला आणि तू उठून गेलीस. उत्तर अजून माझ्याजवळ आहे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. एकदा तू मला प्रक्रिया दाखवायला नेलं होतंस. काम झाल्यावर तो सगळा लगदा शेवटी पाण्यातच सोडतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं आणि चकित झालो. थंड पाण्यात, हळूहळू, वर येणारा वायू धुऊन घेणारं यंत्र चालू ठेवून. जे द्रावण उरतं ते सांडपाणी निवळायला वापरता येतं, म्हणजे तुरटीचंच काम. तू म्हणालीस, "पाण्याशी त्याचं वैर नाही. घाईशी आहे." मी तेव्हा ते वहीत लिहून घेतलं नाही, कारण वाक्य फार चांगलं होतं आणि बातमीत अशी वाक्यं संपादक कापतो. आता कापणारा मीच आहे, म्हणून ठेवतो.

घरात तुझ्या सवयी राहिल्या आहेत. कुकरचं झाकण काढताना मी तोंड बाजूला धरतो. बरेच दिवस पडून राहिलेल्या पिंपात दाब साठतो, म्हणून झाकण हळू सैल करायचं आणि समोर उभं राहायचं नाही, हे तू कुकरवर शिकवलंस. माझ्या बायकोला वाटायचं, मी स्वयंपाकाला घाबरतो.

आता या वर्षीचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाळाराम आला होता. पांढरा शर्ट घालून, मागे बसला. वंदना चालू असताना कधी हात जोडायचे ते शेजारच्याकडे बघून करत होता. निघताना आईजवळ गेला. आईने त्याला विचारलं, "नवमी आहे ना?"

"हाय, आई. पन आवंदा माल नको. तुमी बसा."

"बसून काय करू?" आई म्हणाली.

तिने माळ केली. डोळ्यांना त्रास होतो म्हणून खिडकीशी बसून, थोडी थोडी. या वेळी मी वाद घातला नाही. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, बरा आहेस ना? माळ झाल्यावर तिने ती जुन्या साडीच्या तुकड्यात बांधली आणि माझ्यासमोर धरली. "तू नेऊन दे. पिशवीत पाण्याची बाटली ठेवू नकोस."

मी गेलो. मला बघायचं होतं, हे कबूल करतो. तुझ्या बाजूने नव्हे. कोण बरोबर होतं ते बघायचं होतं. 'मी नसले तरी पाळतील' म्हणाली होतीस; आता तू खरोखरच नव्हतीस, नुसती रजेवर नव्हे.

गोदामासमोर माणसं जमली होती. पिवळी रेघ नव्याने रंगवलेली होती. तुझ्या जागी आलेला अधिकारी बाहेरच्या कामात होता, तो उशिरा येणार होता. वाशीच्या बाजारातून झेंडूच्या खऱ्या माळा आल्या होत्या, टोपलीतून पाणी ठिबकत होतं. मला न ओळखणारा एक ऑपरेटर त्यातली एक जाडजूड माळ उचलून म्हणाला, "दादा, या वेळी खरीच घालू की आत. मॅडम होत्या म्हणून ते कागदाचं. पिंपं तर बंदच आहेत. एवढ्याशा पाण्याने काय होतंय?"

दोघे-तिघे बाळारामकडे बघायला लागले. मीही. त्याने माळेकडे बघितलं. स्वतःच्या मनगटावरच्या डागाकडे मात्र बघितलं नाही, एखाद्या चांगल्या गोष्टीत तसं लिहिलं असतं. त्याने माझ्याकडेही बघितलं नाही. तो त्या माणसावर खेकसला.

"चौकटीला लाव ती. आत ओलं नाय नेत आमच्यात."

आमच्यात. ताई, त्याने तुझं नाव घेतलं नाही. पदार्थाचं नाव घेतलं नाही, वायूचं घेतलं नाही, भिंतीवरच्या सूचनेकडे बोट केलं नाही. करावे गावात आगोटीला, पावसाच्या तोंडावर, होडी काढत नाहीत हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात त्याने ते सांगितलं. ऑपरेटरने "बरं बरं, तापू नका" म्हणत माळ चौकटीला बांधली. तेवढ्यात विषय संपला. आपलं इतक्या वर्षांचं भांडण एवढ्यात संपलं, आणि तिथे कोणाला ते माहीत नव्हतं.

बाळारामने रेघेबाहेर नारळ फोडला. पाणी बाहेरच्या फरशीवर गेलं. त्याने हात कोरड्या फडक्याने पुसले, बोटांच्या मधल्या जागासुद्धा, आणि उन्हात धरून उभा राहिला. मग मी साडीच्या तुकड्यातून माळ काढून त्याला दिली. त्याने ती खांद्यावर टाकण्याआधी दोन्ही तळहातांत दाबून बघितली. सगळे झेंडू, एकेक. मग ऑपरेटर रेघेवर रांगेने आले. तो प्रत्येकाला म्हणत होता, "हात दाखवा. हात दाखवा." कोणी तरी म्हणालं, "लग्न कधी हाय ते पन सांगा, जोशीबुवा." तो म्हणाला, "तुजं? या हाताला? कटीन हाय." लोक हसले. तू दर वर्षी हेच ऐकत आली असशील.

मी रांगेत शेवटचा होतो. मधेच मला चेहरा पुसावा लागला. माझ्या खिशात रुमाल होता, पण हात आधी गेला.

रेघेवर मी तळहात पुढे केले. बाळारामने उजवा बघितला, अंगठ्याने दाबला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माळ त्याच्या खांद्यावर होती. त्याचा आवाज त्या एका वेळी खाली आला.

"भाऊ, ओला हाय."

मी म्हणालो, सुकेल आता.

"सुकंल. तवर भायेरच थांबा."

तो आत गेला. मी रेघेच्या अलीकडे उभा राहिलो.